जुन्या गिटारचा उचललेला ब्रिज

स्टीलच्या सहा तारा नेहमीच्या सुरात जुळवल्या की त्यांचा एकत्रित ताण ७० ते ७५ किलोच्या घरात जातो. म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. हे वजन गिटारच्या पोटावर चिकटवलेला लाकडाचा एक छोटा तुकडा रात्रंदिवस पेलतो. त्याची लांबी साधारण १५ सेंटीमीटर, रुंदी तीन-चार सेंटीमीटर आणि जाडी एक सेंटीमीटरच्या आत. हाच ब्रिज. तो ज्या फळीवर चिकटवलेला असतो, त्या स्प्रूसच्या टॉपची जाडी बहुधा तीन मिलिमीटरही भरत नाही. चांगल्या गिटारीत दोघांमध्ये खिळा नसतो, स्क्रू नसतो, असतो फक्त गोंदाचा पापुद्रा. चाळीस-पन्नास वर्षांनी एखादा ब्रिज मागच्या कडेने उचलला तर त्यात नवल नाही. तो इतकी वर्षं टिकला कसा, हे पाहण्यासारखं आहे. दुरुस्तीची पद्धतही त्याच उत्तरातून ठरते.

तंबोऱ्याशी ताडून पाहिलं तर हे लवकर उमगतं. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्यात तारा घुडचीवरून जातात आणि त्यांची टोकं पुढे भोपळ्याच्या तळाशी अडकवलेली असतात. घुडचीवर येतो तो तारांचा खाली दाबणारा भार, आणि त्याच दाबाने ती जागेवर बसते. व्हायोलिनचंही तसंच, तारा शेपटीकडच्या पट्टीला बांधलेल्या, ब्रिज नुसता उभा. सपाट टॉपच्या गिटारीत मात्र तारा ब्रिजमध्येच संपतात. त्यामुळे सगळी ओढ ब्रिजला नेकच्या दिशेने खेचते. शिवाय तारा टॉपपासून सुमारे १२ मिलिमीटर उंचीवरून ओढत असल्याने ब्रिजला पुढे कलंडवणारी तरफ तयार होते. पुढची कड टॉपमध्ये रुतते, मागची वर उठायला बघते. गोंदाचा जोड सरळ सरकवणाऱ्या ओढीला चांगलंच तोंड देतो, पण एका कडेपासून सोलून काढणाऱ्या ओढीपुढे तो दुबळा ठरतो. म्हणूनच ब्रिज बहुतेक वेळा मागून सुटतो, पुढून नाही.

यात लाकडाच्या स्वभावाचीही भर पडते. टॉपचे तंतू नेकपासून तळाकडे धावतात आणि ब्रिजचे तंतू त्यांना आडवे. दमट हवेत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. पावसाळ्यात टॉप रुंदीला वाढतो, त्याच रेषेत ब्रिज मात्र वाढत नाही. उन्हाळ्यात टॉप आकसतो तेव्हाही ब्रिज आहे तिथेच. बनवल्या दिवसापासून ही ओढाताण त्या जोडाला लागलेली असते. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला मे महिना अनुभवलेल्या गिटारीत ती किती तीव्र असेल, हे सांगायला नको.

मग ब्रिज अधिक जाड, अधिक दणकट, स्क्रूने आवळलेला का करत नाहीत? कारण ब्रिज हा नुसता तारा अडकवायचा खुंटा नाही. तार एकटी थरथरली तर हवा फारशी हलत नाही. ऐकू येण्याजोगा आवाज टॉप थरथरल्याने होतो, आणि तारेची थरथर टॉपला पोचते ती ब्रिजमधून. स्पेनचे अँतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२मध्ये मागची फळी आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली एक गिटार घडवली. आवाजाचं मर्म टॉपमध्ये आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अशा टॉपच्या ऐन मध्यावर, जिथे तो सर्वांत मोकळेपणी हलतो तिथेच ब्रिज बसतो. शिसवाच्या साध्या ब्रिजचं वजन २५ ते ३० ग्रॅम, आबनुसाचा त्याहून जड. दहा ग्रॅमचा फरक हातात घेऊन कळतही नाही, पण टॉपला कळतो. ब्रिज जड झाला की आवाजाचा पहिला उसळता जोर कमी होतो आणि सूर थोडा लांबतो. हलका झाला की आवाज चटकन आणि मोठा उठतो. म्हणून नवा ब्रिज करताना जुन्याचं वजन करून ठेवणं हे मी दुरुस्तीचं पहिलं काम मानतो.

आता दुखण्याकडे. ब्रिज उचललाय की नाही, हे साध्या कागदाने कळतं. नोटवहीच्या कागदाची पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेला धरून आत सरकवायची. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत जाऊन अडकली तर घाबरायचं कारण नाही. बरेच कारखाने टॉपवर आधी लॅकर मारतात आणि ब्रिजच्या आकारापेक्षा किंचित आत लॅकर खरवडून तेवढ्यावरच गोंद लावतात, त्यामुळे कडेला अशी फट जन्मापासून असते. कागद पाच-सात मिलिमीटर आत जात असेल, किंवा एका कोपऱ्यातून थेट, तारांशेजारी ब्रिजमध्ये खोचलेल्या पिनांच्या भोकांपर्यंत पोचत असेल, तर ब्रिज सुटतो आहे. तारा त्याच दिवशी सैल कराव्यात. अर्धवट सुटलेला ब्रिज ताणाखाली पूर्ण सुटतो तेव्हा तो एकटा जात नाही, टॉपचे तंतू सोलून नेतो, आणि दोन तासांचं काम दोन आठवड्यांचं होऊन बसतं.

मात्र कागद आत गेला की लगेच ब्रिज काढायला घेऊ नये. जुन्या गिटारीत ब्रिज हे अनेकदा दुखणं दिसण्याचं ठिकाण असतं. मूळ दुसरीकडे असतं. गिटारच्या तोंडातून एक छोटा आरसा आणि दिवा आत घालून बघावं. ब्रिजच्या बरोबर खाली, टॉपच्या आतल्या बाजूला एक पातळ फळी चिकटवलेली दिसेल. हिला ब्रिज प्लेट म्हणतात, बहुतेक मेपलची. तारेच्या टोकाला असलेला पितळी गोळा या प्लेटला खालून अडकतो. पिन तार धरून ठेवते असा अनेक वाजवणाऱ्यांचा समज असतो. पिनेचं खरं काम गोळ्याला बाजूला ढकलून प्लेटखाली नीट बसवण्याचं. वर्षानुवर्षं तारा बदलून प्लेटमधली भोकं झिजतात, मोठी होतात, आणि गोळा प्लेटमध्ये घुसून वर ब्रिजपर्यंत येतो. पिना सारख्या वर येऊ लागल्या, तारांची जाड गुंडाळी सॅडलवर, म्हणजे ब्रिजच्या खाचेतल्या हाडाच्या पट्टीवर, दिसू लागली, की समजावं, प्लेट झिजली. अशा गिटारीवर ब्रिज कितीही छान चिकटवला तरी तो पुन्हा उचलणार. झिजलेल्या भोकांवर आतून मेपलच्या छोट्या चकत्या बसवून भोकं नव्याने पाडणं, हा यावरचा संयमी उपाय. सबंध प्लेट उखडून नवी बसवणं हे शेवटचं. त्यात टॉपच्या आतल्या बाजूचे तंतू हमखास दुखावतात.

प्लेटबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण मजबुतीची हाव किती महाग पडते हे त्यात दिसतं. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिन कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेपलची छोटी प्लेट सोडून शिसवाची बरीच मोठी प्लेट वापरायला सुरुवात केली, आणि सुमारे दोन दशकं तीच चालू ठेवली. टॉप अधिक दणकट झाला, पोट सुटणं कमी झालं. पण टॉपच्या हलत्या भागावर तेवढं वजन आणि ताठरपणा वाढला. जाणकार वाजवणारे त्या आधीच्या गिटारींना का मान देतात, याच्या कारणांत ही प्लेट आहे. कंपनीही पुढे छोट्या मेपल प्लेटकडे परतली.

दुसरी तपासणी टॉपच्या पोटाची. ब्रिजच्या मागे टॉप थोडा फुगणं नैसर्गिक आहे. सपाट टॉप म्हटलं तरी ओढ सोसताना तो काही सपाट राहत नाही. पण पोट बरंच सुटलं असेल तर आतल्या आधारपट्ट्यांवर हलकेच बोटं मारून बघावं. एखादी पट्टी टॉपपासून सुटली असेल तर पोकळ, खडखडता आवाज येतो. ती आधी चिकटवायची, ब्रिज नंतर.

तिसरी तपासणी नेकची, आणि ती चुकवली तर बाकी सगळं फुकट. सरळ लोखंडी पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत न्यायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला नुसतं टेकलं किंवा त्यावरून केसभर गेलं तर नेक ठीक. टोक ब्रिजच्या कडेला, माथ्याच्या खाली आदळलं, तर वर्षानुवर्षांच्या ताणाने नेकचा कोन पुढे झुकला आहे. अशा गिटारीत तारा फ्रेटांपासून फार उंच जातात, वाजवताना बोटं दुखतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे ब्रिजलाच रंधा मारून त्याची उंची कमी करणं. जुन्या गिटारींमध्ये असे तासलेले ब्रिज भरपूर दिसतात. हा उपाय मला मान्य नाही. ब्रिज पातळ झाला की तारांचा सॅडलवरचा दाब कमी होतो, आवाज मिळमिळीत होतो, पिनांच्या भोकांच्या ओळीत ब्रिज चिरण्याची शक्यता वाढते, आणि नेकचं दुखणं तसंच राहतं. नेक सोडवून तिचा कोन सुधारून परत बसवणं हाच खरा इलाज. ते खर्चिक आहे, म्हणून प्रत्येक गिटारीला परवडणार नाही. पण तासलेला ब्रिज पाहून कारागिराने मालकाला एवढं तरी स्पष्ट सांगावं, की पूर्ण उंचीचा नवा ब्रिज नेक दुरुस्त केल्याशिवाय बसवता येणार नाही.

ब्रिज काढायचं ठरलं, की घाई बाजूला ठेवायची. तारा, पिना, सॅडल आधी निघतात. मग ब्रिजभोवतीचा टॉप झाकायचा, पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमचा कागद लावून आणि त्याला ब्रिजच्या आकाराची खिडकी पाडून. ब्रिज वरून तापवायचा. कुणी दिव्याने तापवतं, कुणी गरम पट्टीने, कुणी जपून इस्त्रीने. ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास नेहमीचे लाकूडगोंद मऊ पडू लागतात. त्याच्या फार वर गेलं तर लॅकरला फोड येतात आणि आतल्या प्लेटचा जोडही सुटू लागतो. रंगाऱ्याची पातळ, बोथट कडेची सुरी थोडी गरम करून मागच्या कोपऱ्यातून आत सरकवायची. आत ढकलताना ती टॉपला समांतर राहिली पाहिजे. सुरी वर उचलून ब्रिज उखडायचा मोह आवरावा लागतो. गोंदाला सुटायला वेळ दिला की तो आपणहून सुटतो.

इथे एक बारकावा आहे. टॉप बहुधा एकाच फळीचे दोन पातळ काप पुस्तकासारखे उघडून, मध्ये जोडून केलेला असतो. झाडाचे तंतू कधीच फळीच्या पृष्ठाला अगदी समांतर नसतात. थोडे तिरपे बाहेर पडतात. पुस्तकासारखं उघडल्यामुळे एका अर्ध्या भागात ते नेकच्या दिशेने वर येतात, दुसऱ्यात तळाच्या दिशेने. म्हणून एका बाजूला मागून पुढे सरकणारी सुरी तंतूंवरून अलगद घसरते, आणि तीच सुरी दुसऱ्या बाजूला तंतूंच्या खाली घुसून टॉपची ढलपी काढते. गिटार खिडकीजवळ धरली तर हे डोळ्यांना दिसतं: टॉपचा एक अर्धा भाग उजळ, दुसरा काळसर, आणि गिटार फिरवली की दोन्हींची अदलाबदल. जाणता कारागीर आधी हे बघतो आणि एका बाजूला मागून, दुसऱ्या बाजूला पुढून सुरी चालवतो. तरीही थोडे तंतू उठले, तर ब्रिजच्या तळाला चिकटून आलेली ती ढलपी जपून सोडवून टॉपवर तिच्याच जागी चिकटवायची. ती नीट बसली तर जोडाला खालून पुन्हा मूळ लाकूड मिळतं.

आता प्रश्न जुनाच ब्रिज परत लावायचा की नवा करायचा. नुसता सुटलेला, न चिरलेला, पूर्ण उंचीचा ब्रिज असेल तर परत तोच. पिनांच्या ओळीत चीर गेलेला ब्रिजसुद्धा, चीर स्वच्छ आणि जुळणारी असेल तर, गोंद भरून आवळला आणि भोकं बुजवून नव्याने पाडली की पुढची अनेक वर्षं काम देतो. अर्धा तासलेला, दोन-तीन ठिकाणी चिरलेला, सॅडलची खाच पुढे फाटलेला ब्रिज मात्र निवृत्त करावा. पण फेकू नये. जुन्या गिटारीचं मोल तिच्या मूळ भागांशी बांधलेलं असतं, म्हणून काढलेला ब्रिज पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवावा.

लाकूड ओळखण्यासाठीही तो लागतो. १९६०च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच चांगल्या अमेरिकी गिटारींत ब्राझिली शिसव वापरलं जाई. १९६९च्या सुमारास मार्टिनसारख्या कंपन्या भारतीय शिसवाकडे वळल्या. हे झाड सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात वाढतं आणि आपल्या जुन्या घरांतल्या कपाटा-पलंगांतून ओळखीचं आहे. ब्राझिली शिसव १९९२पासून वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याची वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवान्याशिवाय चालत नाही. शिसवाच्या बाकी सगळ्या जाती २०१७च्या जानेवारीत दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २०१९च्या नोव्हेंबरपासून त्यातल्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिली शिसवाला ती नाही. भारतीय शिसवाचा ब्रिज ध्वनीच्या बाबतीत ब्राझिली शिसवाच्या अगदी जवळ जातो. नवा ब्रिज करताना तेच वापरावं, असं मला वाटतं. कायद्याचा पेच टळतो आणि दुर्मीळ झाडाचा तुकडाही वाचतो.

मूळ भाग जपायचा हा नियम एका ठिकाणी मी सैल करतो: गिब्सन कंपनीच्या १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या काही गिटारी. त्यांवर लाकडी ब्रिजऐवजी साच्यात ओतलेला पोकळ प्लास्टिकचा ब्रिज होता. तो गोंदाने चिकटवलेला नव्हता, टॉपच्या आतून स्क्रूने आवळलेला होता. प्लास्टिक ताणाखाली वाकतं, तापलं की अधिक वाकतं, आणि ब्रिज टॉपला सगळीकडून टेकत नसल्याने तारेची थरथर लाकडाला पुरती पोचत नाही. खाली टॉप, आधारपट्ट्या उत्तम, मधला हा तुकडा मात्र अडसर. अशा गिटारीवर स्क्रूची भोकं लाकडाने बुजवून शिसवाचा ब्रिज नीट चिकटवला की आवाज उघडतो, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. प्लास्टिकचा ब्रिज पेटीत जपून ठेवावाच.

आपल्याकडच्या अनेक स्वस्त गिटारींवर दुसराच प्रकार दिसतो: चिकटवलेला ब्रिज, आणि त्यातून आरपार दोन बोल्ट, वर पांढऱ्या टिकलीने झाकलेले. सुटलेल्या ब्रिजला घरच्या घरी स्क्रू मारून 'पक्का' करण्याची खोड याच वळणाची. बोल्टने ब्रिज उडून जात नाही, पण मधला जोड सुटलेलाच राहतो. कडा उचलतात, बोल्टभोवतीचा टॉप चिरतो, आणि पुढच्या कारागिराला आधी ती भोकं बुजवत बसावं लागतं.

नवा ब्रिज करायचा तर मापं जुन्यावरून घ्यायची. सगळी मात्र नाही. बाह्य आकार आणि पिनांची जागा जुन्याप्रमाणे, कारण प्लेटमधली भोकं आणि टॉपवरची लॅकरची कड त्यांना जुळलेली असते. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या पिनांमधलं अंतर बहुधा ५४ मिलिमीटरच्या आसपास. ब्रिजचे तंतू लांबीला समांतर आणि सरळ हवेत. तिरपे तंतू असलेला तुकडा पिनांच्या भोकांशी चिरतो.

सॅडलच्या खाचेची जागा मात्र स्वतः मोजून ठरवायची. गणिताने बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्ये असतो. पण बोटाने तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारांचा ताठरपणाही त्यात भर घालतो. तो चढलेला सूर उतरवायला सॅडल थोडं मागे न्यावं लागतं, पहिल्या तारेला सुमारे दोन-अडीच मिलिमीटर, सहाव्या तारेला पाचच्या आसपास. म्हणून सॅडल तिरपं दिसतं. ६४५ मिलिमीटर लांबीच्या तारेवर सॅडलच्या जागेत तीन मिलिमीटरची चूक झाली, तर बाराव्या फ्रेटवरचा सूर साधारण आठ सेंटने सरकतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. आठ सेंट तयार कानाला स्पष्ट खटकतात. वाईट हे, की अशी गिटार सुटी वाजवताना सुरेल वाटते आणि वरच्या फ्रेटांवर बेसूर होते, त्यामुळे वाजवणारा स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच मार्टिन गिटारींत ब्रिजची जागाच थोडी चुकलेली आढळते. जुना ब्रिज जिथे होता तिथेच नवा डोळे मिटून बसवला, तर ती चूक आणखी पन्नास वर्षांसाठी पक्की होते.

ब्रिजचा तळ हे या सगळ्यातलं सर्वांत निगुतीचं काम. टॉपला बारीकसा घुमट असतो, काही वेळा मुद्दाम दिलेला, काही वेळा वयाने आलेला. सपाट तळाचा ब्रिज अशा टॉपवर ठेवून क्लॅम्पने दाबला तर त्या क्षणी बसतो, आणि क्लॅम्प निघताच परत सरळ व्हायला धडपडत राहतो. तो जोड सुरुवातीपासूनच ताणाखाली. म्हणून टॉपवर ब्रिजच्या जागी पॉलिश पेपर ठेवायचा, त्यावर ब्रिज थोडा-थोडा घासायचा, मग पातळ पात्याने खरवडून पुन्हा टेकवून बघायचा. हाताच्या हलक्या दाबाने कुठूनही उजेड दिसेनासा झाला की झालं. गोंद खड्डे भरण्यासाठी नसतो. दोन लाकडं जिथे एकमेकांना खरोखर टेकतात तिथेच तो पुरता धरतो.

आणि गोंद कोणता? इथे माझी बाजू ठरलेली आहे: जनावरांच्या कातडीपासून केलेला जुना सरस. थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात साधारण ६० अंशांवर पातळ केलेला. तो वापरायला अवघड आहे. थंड पडू लागला की मिनिटाच्या आत जेलीसारखा होतो, म्हणून ब्रिज आधी तापवून ठेवावा लागतो आणि क्लॅम्प हाताशी जुळवून तयार लागतात. पण एकदा सुकला की काचेसारखा कडक होतो आणि सततच्या ओढीखाली सरकत नाही. साधा पांढरा गोंद मात्र ताण आणि उष्णता मिळाली की वर्षानुवर्षं कणाकणाने सरकत राहतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारीचा ब्रिज जागचा हलतो तो असा. पिवळा लाकूडगोंद बरा, आजचे अनेक कारखाने तसाच वापरतात, आणि सरस नीट हाताळता येत नसेल तर घाईत लावलेल्या सरसापेक्षा तो चांगला. इपॉक्सी मात्र या जागी नको. सरस उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, जुन्या सरसावर नवा सरस धरतो, त्यामुळे तीस वर्षांनी ज्याच्या हाती ही गिटार जाईल त्याला टॉप न फाडता ब्रिज काढता येतो. इपॉक्सीने बसवलेला ब्रिज काढताना बऱ्याचदा टॉपच सोलून निघतो. आपल्या नंतरच्या कारागिराला काम उलगडता आलं पाहिजे, या कसोटीवर मी प्रत्येक दुरुस्ती तपासतो.

चिकटवण्याचं काम त्या मानाने लवकर आटोपतं. आतून प्लेटखाली आधारपट्ट्या चुकवून बसेल असा खाचा पाडलेला ठोकळा, वरून ब्रिजच्या आकाराचा ठोकळा, आणि तोंडातून आत जाणारे लांब मानेचे क्लॅम्प: एक मध्ये, दोन ब्रिजच्या दोन्ही टोकांवर. दोन पिनांच्या भोकांत तात्पुरत्या खुंट्या घातल्या की ब्रिज ओल्या गोंदावर घसरत नाही. बाहेर आलेला गोंद कोमट ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. पूर्ण एक दिवस क्लॅम्प, आणि तारा चढवण्याआधी आणखी एक दिवस नुसतं थांबणं. ऐन पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा हे काम करू नये. करायचंच तर बंद, कोरड्या केलेल्या खोलीत आणि गिटार तिथे काही दिवस ठेवून. फुगलेल्या टॉपवर तंतोतंत बसवलेला ब्रिज डिसेंबरात आकसलेल्या टॉपवर तंतोतंत राहत नाही. गिटारी घडवणारे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत काम करतात; आपल्याकडे हिवाळ्याचे कोरडे महिने त्याच्या सर्वांत जवळ जातात.

तारा चढवताना हलक्या जाडीच्या घ्याव्यात आणि सूर एकदम पुरता चढवू नये. पहिल्या दिवशी दोन-तीन स्वर खाली ठेवून दुसऱ्या दिवशी नेहमीच्या सुरावर आणलं तर टॉपला सावरायला वेळ मिळतो. मग हाडाचं सॅडल घासून उंची जुळवायची, बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक यांची तुलना करून सॅडलचा माथा कानशीने एका-एका तारेसाठी पुढे-मागे करायचा. महिन्याभराने कागदाची पट्टी पुन्हा ब्रिजच्या मागच्या कडेला लावून बघावी. आणि गिटारच्या आत, तोंडातून सहज दिसेल अशा जागी पेन्सिलने तारीख, वापरलेला गोंद आणि नेकचा कोन तपासल्याची नोंद लिहून ठेवावी. पुढच्या वेळी सुरी किती गरम करायची, हे त्यावरूनच कळेल.